बाटिक आधी करून बघा, मग विकत घ्या: खानदेशातून जावाला जाणाऱ्यांसाठी

इंडोनेशियाला जाणारी आपल्याकडची बहुतेक मंडळी बालीला उतरतात आणि परतताना बाजारातून दोन-चार रंगीबेरंगी शर्ट उचलतात. त्या शर्टांवर नक्षी बाटिकची असते, कापड मात्र गिरणीत छापलेलं असतं. त्यात फसवणूक आहेच असं नाही. अडीचशे-तीनशे रुपयांत दुसरं काय मिळणार? पंचाईत होते ती तेच छापील कापड हाताने काढलेलं म्हणून दहापट दराने गळ्यात मारलं जातं तेव्हा.

बाटिक ही नक्षी नव्हे, कृती आहे. कापडावर वितळलेल्या मेणाने रेखाटायचं, कापड रंगात बुडवायचं, मेण असेल तिथे रंग शिरत नाही. शेवटी उकळत्या पाण्यात मेण काढून टाकायचं. २ ऑक्टोबर २००९ रोजी युनेस्कोने इंडोनेशियाच्या बाटिकची नोंद मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली, तीही या कृतीची आणि तिच्याभोवतीच्या रीतिरिवाजांची. तेव्हापासून २ ऑक्टोबर हा तिथे राष्ट्रीय बाटिक दिवस असतो.

म्हणून पहिली सूचना: खरेदीच्या आधी अर्धा दिवस कार्यशाळेत बसा. एक रुमाल स्वतः काढलात की पुढे बाजारात कुठलं कापड हातात घेऊन काय तपासायचं, हे कुणी सांगावं लागत नाही.

कुठे जायचं, कधी जायचं

बालीत बाटिक मिळतं, पण त्याचं घर जावा बेट. मध्य जावातली योग्याकार्ता आणि सोलो ही दोन राजघराण्यांची शहरं एकमेकांपासून लोकलने तासाभरावर आहेत. चार दिवस हातात असतील तर एवढंच करा. उत्तर किनाऱ्यावरची पेकालोंगान, चिरेबोन आणि लासेम ही गावं पुढच्या खेपेला ठेवा, नाहीतर सगळा वेळ गाडीत जातो.

भुसावळ, जळगाव किंवा धुळ्याहून मुंबई गाठायची, तिथून जकार्ता. जकार्ताहून योग्याकार्ताला दिवसाची रेल्वे उत्तम, सहा-सात तासांची. विमानाने गेलात तर योग्याकार्ताचा नवा विमानतळ शहरापासून बराच लांब आहे, पण तिथून शहरातल्या तुगू स्टेशनपर्यंत रेल्वे आहे. टॅक्सीच्या नादी लागू नका. भारतीय पारपत्रावर पोहोचल्यावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो, त्याची फी ५ लाख रुपिया. आकडा ऐकून दचकू नका. १ लाख रुपिया म्हणजे आपले साधारण सव्वापाचशे ते साडेपाचशे रुपये. हा हिशोब बाजारात सतत लागेल, म्हणून पाठच करून ठेवा.

मे ते सप्टेंबर हा तिथला कोरडा काळ. आपल्या मे महिन्याच्या सुट्ट्या त्यात बसतात आणि ओलं कापडही वेळेवर वाळतं. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर पावसाची सुरुवात झालेली असू शकते. रमजान ईदच्या आगेमागे मात्र जाऊ नका. कारागीर आपापल्या गावी जातात, कार्यशाळा बंद असतात आणि रेल्वेची तिकिटं मिळत नाहीत.

योग्याकार्तात बाटिक संग्रहालयात आणि शहरातल्या अनेक कार्यशाळांत दोन ते चार तासांचे वर्ग चालतात. दक्षिणेला इमोगिरीजवळचं गिरीलोयो हे हाताने बाटिक काढणाऱ्या बायकांचं गाव. शिकायला आणि थेट कारागिराकडून घ्यायला ते जास्त चांगलं. सोलोत लावेयान आणि काउमान या जुन्या बाटिकच्या वस्त्या आहेत. तिथलं दानार हादी संग्रहालय खरेदीच्या आधी पाहून घ्या. जुने, अस्सल नमुने एकदा नजरेखालून गेले की दुकानातला माल आपोआप वेगळा दिसायला लागतो.

मेण हातात घेताना

कार्यशाळा ठरवताना तीन गोष्टी विचारा: कापड केवढं मिळेल, रंग एक की दोन, आणि मेण उकळून काढून वाळलेलं कापड त्याच दिवशी हातात मिळेल का. साधारण ४०-५० सेंटिमीटरचा चौकोन पहिल्या वेळेला पुष्कळ झाला. अंगावर जुने सुती कपडे घाला, कारण मेणाचे आणि रंगाचे डाग जात नाहीत. केस बांधा, ओढणी घरी ठेवा. शेजारी चूल पेटलेली असते.

हत्याराचं नाव चांतिंग. लाकडी किंवा बांबूची दांडी, तिच्या टोकाला तांब्याची छोटी वाटी आणि वाटीला बारीक तोटी. तोटी जेवढी बारीक तेवढी रेघ बारीक. ठिपक्यांसाठी वेगळी, बाह्यरेषेसाठी वेगळी, मोठा भाग भरायला रुंद तोंडाची. मेणाला मालाम म्हणतात. ते निव्वळ मधमाश्यांचं मेण नसतं. मधाच्या मेणाने लवचिकपणा येतो, पॅराफिन स्वस्त पण ठिसूळ, पाइनची राळ आणि दामार डिंक चिकटपणासाठी. बारीक रेघांसाठी आणि जागा भरण्यासाठी मिश्रणही वेगवेगळं असतं.

आधी पेन्सिलने नक्षी काढतात. नवख्याने ठळक, मोकळी नक्षी निवडावी: कावुंगचे चार पाकळ्यांचे गोल, एखादं पान, एखादा पक्षी. पारांगच्या तिरक्या पट्ट्या दिसायला सोप्या, पण त्यात एक रेघ चुकली की सगळी ओळ वाकडी दिसते.

कापड लाकडी चौकटीवरून खाली सोडलेलं असतं. डावा पंजा त्याच्या मागे टेकवायचा, मांडीवर एक फडकं पसरायचं. चांतिंग मेणात बुडवून वाटी अर्धी-पाऊण भरायची. काठोकाठ भरली तर पहिल्याच हालचालीला सांडते. तोटीवर हलकी फुंकर मारायची म्हणजे बाहेरचा थेंब जातो आणि अडकलेलं मेण सुटतं. मग दांडी किंचित तिरकी धरून तोटी कापडाला जेमतेम टेकवत, न थांबता रेघ ओढायची. घासायचं नाही. थांबलात तिथे गोळा होतो.

चुका ठरलेल्याच होतात. मेण कापडावर पिवळट, अपारदर्शक दिसतंय आणि उलट्या बाजूला उमटलं नाही, तर ते थंड आहे: वरवर बसलंय, रंग खालून शिरणार. मेण पसरतंय, रेघ जाड होतेय, कढईतून धूर निघतोय, तर ते जास्त तापलंय. बरोबर तापलेलं मेण कापडात मुरून दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं. वाटीतलं मेण पटकन निवतं, म्हणून मिनिटा-मिनिटाला पुन्हा बुडवायचं. कंजूषपणे शेवटचा थेंब वापरायला गेलात की रेघ तुटते. भलत्या जागी थेंब पडला तर खरवडू नका, कापड फाटतं. कारागीर तो गरम लोखंडाने आणि पाण्याने बराचसा काढतात, पण खूण पूर्ण जात नाही. त्यापेक्षा त्या थेंबाभोवती आणखी चार ठिपके देऊन त्याचं फूल करून टाका. गिरीलोयोच्या बायकाही तेच सुचवतील.

एक बाजू झाली की कापड उलटवून ज्या रेघा नीट उतरल्या नाहीत त्या मागून पुन्हा भरायच्या. वर्गात वेळ नसला की हे टाळलं जातं. आग्रहाने करा, चांगल्या हातकामाची सगळी ओळख याच पायरीत आहे.

वर्गातला रंग एका बुडवणीत होतो. जुन्या पद्धतीच्या मध्य जावाच्या कापडाला मात्र बराच पल्ला लागतो. बाह्यरेषा, आतली भरण, पांढरं ठेवायचं ते जाड मेणाने झाकणं, मग निळीत पुन्हा पुन्हा बुडवणं. त्यानंतर जिथे तपकिरी हवा तिथलं मेण खरवडून काढायचं, जिथे निळा राखायचा तिथे नवं मेण लावायचं, आणि कापड सोगा नावाच्या तपकिरी रंगात बुडवायचं. शेवटी उकळून सगळं मेण काढायचं. जिथे निळा आणि तपकिरी एकावर एक बसतात तिथे जवळजवळ काळा येतो. हे सगळं बारीक हाताने केलं तर एका कापडाला महिने लागतात, किंमत तिथून येते. या सोगातला एक मुख्य घटक एका झाडाची साल आहे आणि ते झाड आपल्या ओळखीचं आहे: रस्त्याकडेला पिवळ्या फुलांनी भरणारा सोनमोहर, ज्याला नर्सरीवाले पेल्टोफोरम म्हणतात.

बाजारात कापड कसं तपासायचं

तीन जाती समजून घ्या. तुलिस म्हणजे चांतिंगने हाताने काढलेलं. चाप म्हणजे तांब्याच्या ठशाने मेण उमटवलेलं. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची. आणि तिसरं छापील, ज्यात मेणाचा संबंधच नाही. ठशाचं काम हलकं समजू नका. फैजपूर एकेकाळी छापील सुती कापडासाठी नावाजलेलं होतं, तेव्हा ठसा जुळवायला किती नजर लागते हे खानदेशात सांगायला नको. आमचं मत विचाराल तर साध्या खिशाला चांगलं चाप घेणं हे भिकार तुलिस घेण्यापेक्षा शहाणपणाचं.

कापड हातात आलं की पहिल्यांदा उलटं करा. उलटी बाजू फिकट असेल तर ते छापील. दोन्ही बाजू सारख्या असतील तर तुलिस किंवा चाप असण्याची शक्यता आहे. शक्यताच, कारण हल्ली मेण स्क्रीनमधून छापूनही कापड रंगवतात आणि ते दोन्हीकडून उमटतं. म्हणून पुढे काठ बघा. रंगात बुडवलेल्या कापडाचा काठही रंगलेला असतो. कोरा पांढरा काठ आणि त्यावर कंपनीचं छापील नाव दिसलं तर समजून जा.

मग एकच फूल कापडावर चार ठिकाणी शोधा आणि ठिपके मोजा. तुलिसमध्ये दोन फुलं कधीच तंतोतंत सारखी नसतात. एकात सात ठिपके, दुसऱ्यात आठ. चापमध्ये साधारण वीतभर अंतराने तोच चौकोन पुन्हा येतो आणि जोडावर रेघ किंचित सरकलेली किंवा दुहेरी झालेली सापडते. छापीलमध्ये तेवढीही चूक नसते. मेणाला गेलेले तडे, त्यातून शिरलेल्या रंगाच्या बारीक शिरा, छापील कापडावरही दिसतात, पण तिथे तोच तडा पुढच्या हातभरावर जसाच्या तसा भेटतो. वासावर विसंबू नका. नव्या बाटिकला मेणाचा वास येतो खरा, पण तो ठशाच्या आणि स्क्रीनच्या मालालाही येतो.

काही मालावर सरकारी बाटिकमार्कची चिठ्ठी असते: सोनेरी अक्षरं तुलिससाठी, चंदेरी चापसाठी, पांढरी दोन्हींच्या मिश्रणासाठी. चिठ्ठी नाही म्हणून माल खोटा ठरत नाही, खेड्यातल्या बायका कुठून आणणार चिठ्ठ्या.

दराचा ढोबळ अंदाज असा: छापील शर्ट ५० हजार ते १ लाख रुपिया, चापचं पूर्ण लांबीचं कापड दीड ते तीन लाख, तुलिस पाच लाखांपासून पुढे. बारीक काम आणि नैसर्गिक रंग असतील तर आकडा कित्येक दशलक्षांत जातो. कुणी ‘तुलिस’ म्हणून दीड लाखाला देत असेल तर ते तुलिस नाही.

योग्याकार्तात मालिओबोरो रस्त्याच्या दक्षिण टोकाला बेरिंगहार्जो बाजार आहे, सोलोत क्लेवेर. दोन्हीकडे घासाघीस चालते; पाव ते तिसरा हिस्सा उतरतो, त्याखाली ओढू नका. ‘हार्गा पास’ लिहिलेल्या दुकानात भाव ठरलेला असतो. विचारायचं असं: ‘इनी तुलिस आताउ चाप?’ हे तुलिस की चाप? ‘बरापा हार्गान्या?’ किंमत किती? ‘बोले कुरांग?’ कमी होईल का? वडीलधाऱ्या बाईला ‘इबू’, पुरुषाला ‘पाक’, तरुण मुलीला ‘म्बाक’ म्हणायचं. शेवटी ‘मातुर नुवून’ म्हणालात, म्हणजे जावानीजमध्ये धन्यवाद, की भाव उतरो न उतरो, माणूस हसतो.

मालिओबोरोवर एक सापळा फार जुना आहे. गोड बोलणारा कुणीतरी सहज गप्पा मारतो आणि सांगतो की कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचं प्रदर्शन आहे, आज शेवटचा दिवस. ते प्रदर्शन रोजच शेवटच्या दिवसावर असतं. आत चौकटीत लावायची बाटिक चित्रं अवाच्या सवा भावाला विकतात आणि आणणाऱ्याला त्यात हिस्सा मिळतो. नम्रपणे नको म्हणा, पुढे चला.

काय घ्यावं, काय टाळावं

कायिन पांजांग म्हणजे पूर्ण लांबीचं कापड साधारण अडीच मीटर लांब आणि एक मीटरहून थोडं जास्त रुंद असतं. ओढणी म्हणून तसंच्या तसं वापरता येतं, कुर्त्यालाही बहुधा पुरतं. साडीला पुरत नाही. दोन कापडं जोडून साडी करण्याचा बेत असेल तर चापच घ्या, कारण तुलिसचे दोन नग रंगात कधीच जुळत नाहीत. शिवून नळीसारखं केलेलं सारोंग शिवणीशी उसवलं की साधारण दोन मीटर कापड हाती येतं.

रंगांवरून गाव सांगता येतं. योग्याकार्ताचं पांढरं स्वच्छ आणि त्यावर गडद निळा-तपकिरी; सोलोचं पिवळसर, मवाळ तपकिरी; चिरेबोनचे ढग, लासेमचा लाल, पेकालोंगानची फुलं. पेकालोंगानच्या ज्लाम्प्रांग या नक्षीत तर आपल्याकडचं पाटणचं पटोळं दिसतं. गुजरातेतून पटोळी जहाजांनी तिकडे जात. सुरत त्या व्यापाराचं मोठं बंदर, तापीच्या मुखाशी, तीच तापी जी आपल्या भुसावळवरून जाते. जावाच्या दरबारात पटोळ्याला फार मान होता.

नक्षीला तिथे प्रसंग असतो. सिदोमुक्ती नवरा-नवरीसाठी, त्रुंतुम त्यांच्या आईवडिलांसाठी. पारांग एके काळी राजघराण्यासाठी राखीव होतं. आजही राजवाड्यातल्या समारंभाला किंवा लग्नाला पाहुण्याने ते घालून जाऊ नये. जळगावात घाला, कुणी काही म्हणणार नाही.

वायांग म्हणजे सावल्यांच्या खेळातल्या चामड्याच्या बाहुल्या घ्याव्यात. भीम, अर्जुन ओळखीचे आहेतच. श्रीकांडी, म्हणजे आपला शिखंडी, मात्र तिथे अर्जुनाची शूर बायको असते, त्यामुळे दुकानदाराशी वाद घालू नका. चांगली बाहुली उजेडासमोर धरली की कोरीव भोकं स्वच्छ, काठ न फाटलेले दिसतात. घाईच्या कामात भोकं ठोकळेबाज आणि रंग त्यांत भरलेला असतो. ती कडक पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून आणा, घडी पडली की सरळ होत नाही. शिंगाच्या दांडीऐवजी लाकडाची किंवा बांबूची घ्या, तपासणीला कटकट कमी.

केरीस, म्हणजे नागमोडी किंवा सरळ पात्याची कट्यार, कितीही सुंदर दिसली तरी घेऊ नका. आपल्याकडे ९ इंचांहून लांब पात्याला शस्त्र कायदा लागतो आणि केरीसचं पातं सहसा त्याहून लांबच असतं. ‘खूप जुनं आहे’ म्हणून विकलं जाणारं काहीही टाळा: ५० वर्षांहून जुन्या वस्तूंना तिथला वारसा कायदा लागू होऊ शकतो आणि देशाबाहेर नेणं अडतं.

शाकाहाऱ्यांना एकच सूचना. शेंगदाण्याला सरावलेल्या आपल्या जिभेला गाडो-गाडो (शेंगदाण्याच्या रश्शातल्या भाज्या) आणि तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) लगेच आवडतात, पण सांबल चटणीत बहुतेकदा तेरासी ही कोळंबीची पेस्ट असते. ‘तानपा तेरासी’ असं आधीच सांगा.

घरी आणल्यावर

साबणपावडर आणि वॉशिंग मशीन दोन्ही विसरा. जावात बाटिक लेराकच्या फळांनी धुतात आणि लेराक आपल्या रिठ्याचाच भाऊबंद आहे. आठ-दहा रिठ्यांची टरफलं रात्री लिटरभर पाण्यात भिजवा, सकाळी कुस्करून गाळा, ते पाणी अर्ध्या बादलीत मिसळा. पहिल्या दोन धुण्यांना कापड एकटंच भिजवा, थोडा रंग सुटतोच. पाच-दहा मिनिटं पुरे, पिळू नका, घासू नका. उलटं करून सावलीत वाळत घाला. खानदेशातल्या एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर टाकलंत तर नैसर्गिक रंग दोन-तीन धुण्यांत उडेल. इस्त्री मध्यम, वर दुसरं सुती कापड ठेवून. कपाटात डांबरगोळ्या नकोत. तिकडे वाळ्याच्या मुळ्या ठेवतात, आणि वाळा कूलरच्या ताट्यांमुळे आपल्याकडे काही दुर्मीळ नाही.

घरी करून बघायचं असेल तर चांतिंग तिकडूनच दोन-तीन मापांची आणा, स्वस्त असतात आणि चेक-इन बॅगेत बसतात. कापड केंब्रिक किंवा पॉपलिन, शंभर टक्के सुती. मांजरपाट जाडं पडतं, रेघ फुटते. आधी गरम पाण्यात धुऊन खळ काढा, नाहीतर मेणही धरत नाही आणि रंगही. रुमालभर कामाला १२० ग्रॅम पॅराफिन, ६० ग्रॅम मधाचं मेण आणि २० ग्रॅम राळ पुरते. मंद आचेवर छोट्या कढईत वितळवा आणि शेजारी झाकण ठेवा. मेण पेटलं तर झाकण घालून गॅस बंद करायचा. पाणी ओतलंत तर आग उडते.

रंग गार पाण्यातला रिअॅक्टिव्ह घ्या. १०० ग्रॅम कापडाला २ लिटर पाणी, ४ ग्रॅम रंग, १०० ग्रॅम मीठ. कापड वीस मिनिटं हलवत ठेवा, मग वेगळ्या पाण्यात विरघळवलेला २० ग्रॅम धुण्याचा सोडा घाला, खाण्याचा नव्हे, आणि आणखी तासभर ठेवा. इथे आपल्याकडे दोन अडचणी येतात. बोअरच्या जड पाण्यात रंग मळकट उतरतो, तेव्हा फिल्टरचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. आणि उन्हाळ्यात टाकीतलं पाणी दुपारी एवढं तापलेलं असतं की मेण मऊ होऊन कडेने रंग शिरतो. काम भल्या पहाटे काढा किंवा रात्री भरून ठेवलेलं पाणी घ्या. मेण लावलेलं कापड उन्हात तर अजिबात नको.

रंग पक्का झाल्यावर कापड गार पाण्यात खळबळून वाळवा. मग मोठ्या पातेल्यात, पुन्हा स्वयंपाकाला न लागणाऱ्या, पाणी उकळवून चमचाभर सोडा टाका. काठीने कापड वर-खाली करा. मेण सुटून तरंगायला लागतं. बाहेर काढून लगेच गार पाण्यात बुडवा, उरलेले कण झटकून पुन्हा उकळत्या पाण्यात. दोन-तीन फेऱ्यांत कापड मोकळं होतं. पातेलं तसंच निवू द्या. वर जमलेली मेणाची चकती उचलून वाळवून ठेवा, पुढच्या मिश्रणात ती चालते. उरलेलं पाणी मोरीत ओतू नका, पाइपात मेण घट्ट बसलं तर प्लंबर बोलवावा लागेल. जुन्या फडक्यातून गाळून मगच बाहेर टाका.